डाव्या हाताची गाठ

हात्सुएआजीने आपल्या एकुलत्या एका मुलीला लग्नात किमोनो नेसवला नाही. नात महिन्याची झाली, तिला देवळात नेलं, तेव्हा बाळावरचं रेशमी पांघरूण बांधायलाही तिने हात लावला नाही. सगळ्या गल्लीला याचं नवल वाटे. ही बाई लग्नाआधी उझुमासाच्या सिनेमा स्टुडिओत नटांना कपडे नेसवायच्या खात्यात होती, आणि घरच्या कार्याला पार्लरवाली बोलावते, ही कुठली तऱ्हा? कुणी विचारलंच तर आजी म्हणे, "हात थरथरतात." हेच हात रोज पहाटे गरम सोयाच्या दुधावरची कागदासारखी साय बांबूच्या काडीवर अलगद उचलून निथळत टाकायचे आणि एक साय फाटायची नाही. म्हणजे ही सरळसरळ थाप होती. पण क्योतोत माणसं थाप ऐकून घेतात आणि वर चहा विचारतात.

खरं कारण असं होतं की आपल्या हातून एक माणूस मेला, असं आजी धरून चालली होती.

मेला म्हणजे सुरीने नव्हे, कपड्याने. जिवंत माणसाचा किमोनो डावी बाजू वर ठेवून नेसतात. उजवी बाजू वर आली की तो मढ्याचा नेसवा. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात आंघोळ करून कुणी घाईघाईत सुती किमोनो उलटा गुंडाळला, तर घरातली म्हातारी माणसं हातातलं काम टाकून त्याच्यावर डाफरतात. आणि हात्सुएने एका नामांकित नटाला कॅमेऱ्यासमोर तसा उभा केला, आणि हिवाळा सरायच्या आत तो खरोखरच गेला.

तेव्हा ती विशीची होती, खात्यात सगळ्यांत धाकटी. तिचं काम गळपट्ट्या उसवायच्या, धुवायच्या, परत शिवायच्या. नटांना नेसवायचं काम तोकुहेईचं. हा तोकुहेई तोंडाने फाटका आणि हाताने सोन्यासारखा. हात्सुए डावखुरी, आणि डावखुऱ्या पोरीला या खात्यात घेतलं कुणी, हा त्याचा रोजचा सवाल.

"ए डावखुरे," तो येताजाता म्हणायचा, "एक दिवस कुणाला तरी मढ्यासारखं गुंडाळशील आणि निस्तरावं मला लागेल."

तो गमतीने म्हणायचा आणि तीही हसायची.

त्या साली «नावेची वाट» या सिनेमाचं काम बिवा सरोवराच्या काठी, बोरूच्या रानात चाललं होतं. सिनेमातल्या नदीची भूमिका सरोवर करत होतं आणि नायकाची सेगावा. ऐन वेळी तोकुहेई तापाने पडला, आणि पहाटे सामानाच्या ट्रकमध्ये बसवून हात्सुएला पाठवून दिलं. कोळ्याच्या एका झोपडीत तिने सेगावाला नेसवलं. बाहेर हात दिसणार नाही असं धुकं. बोटं इतकी गारठलेली की कापड हातात आहे की नाही हेही कळेना. सेगावा हात पसरून उभा होता. पडद्यावर कड्यासारखा दिसणारा हा माणूस जवळून अगदीच साधा निघाला. खोकत होता, मध्येच पोटावर तळवा दाबून धरत होता.

"सावकाश, पोरी," तो म्हणाला. "पलीकडे जो थांबलाय त्याला घाई नाही."

तिला वाटलं, कॅमेरावाला. तिने कमरेची पट्टी, ओबी, आवळली, मागे गाठ मारली. तलवारी त्याने स्वतः खोवल्या आणि तो धुक्यात गेला. ती झोपडीतच शेगडीपाशी बसून बाकीच्यांचे ओले कपडे वाळवत राहिली. बाहेर काय चाललंय ते तिने पाहिलं नाही. संध्याकाळी सेगावा जाड कोट पांघरून परत आला, आडोशाला जाऊन कपडे स्वतःच उतरवले, घडी करून तिच्या हातात दिले आणि म्हणाला, "माफ कर हं."

किमोनोचा घेर चिखलाने भरला होता. "धुतलं की जाईल," ती म्हणाली.

आठवड्याभराने दिग्दर्शकाने चित्रित झालेलं पाहायला मंडळी जमवली. तिथून तोकुहेई परत आला तो थेट हात्सुएसमोर येऊन बसला. त्याने शिवी दिली नाही, तेव्हाच तिने हातातली सुई खाली ठेवली.

"पलीकडच्या काठावरच्या शॉटमध्ये उजवी बाजू वर आहे," तो म्हणाला. "तू कसा नेसवला होतास?"

तिला सांगता येईना. हात जे रोज करतात ते डोक्याला विचारलं की डोकं गप्प बसतं. तिला बोटांचा गारठा आठवत होता, धुकं आठवत होतं, त्याचं बोलणं आठवत होतं. कुठली बाजू वर घेतली, ते काही केल्या आठवेना. तोकुहेई उठून गेला.

दिग्दर्शकाला मात्र तो शॉट इतका आवडला की त्याने तसाच ठेवला. सेगावा तोवर इस्पितळात होता. पोटाचं दुखणं, आणि फार पुढे गेलेलं. अंगणातले प्लम फुलायच्या आधीच तो गेला. स्टुडिओत कुणी मेल्याचं काम केलं, पेटीत झोपला, तर उठल्यावर त्याच्या अंगावर मीठ टाकायची रीत असते. सेगावावर कुणी मीठ टाकलं नाही, कारण तो मेल्याच्या कपड्यात उभा आहे हे त्या दिवशी कुणाला कळलंच नव्हतं. हात्सुएला तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त एकदा एक किरकोळ नट तिच्या हातातला किमोनो काढून घेत अदबीने म्हणाला, "असू दे, माझं मी नेसतो." वसंतात तिने नोकरी सोडली आणि सोयाच्या दुधावरची साय, म्हणजे युबा, बनवून विकणाऱ्या एइकिचीशी लग्न केलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो आला.

दुकानाच्या मागच्या खोलीत पहाटे कढयांवर दाट वाफ धरते. त्या वाफेत, मागच्या दाराशी, सेगावा उभा होता. घेर ओला, तोंड तिच्याकडे, हात बाजूला, आणि उजवी बाजू वर. बोलला काही नाही. वाफ विरली तसा तोही विरला. त्यानंतर दर हिवाळ्यात तो येत राहिला. रोज नाही, पण असं कधी झालं नाही की एखादा हिवाळा त्याच्याशिवाय गेला. ती मान खाली घालून साय उचलत राही. आपल्याला नीट नेसवून घ्यायला तो येतो, आणि पुन्हा हात लावायची आपली हिंमत नाही, असंच ती समजत होती. दाराशी तिने मिठाची बशी ठेवली. ती कशाला, असं एइकिचीने विचारलं तेव्हा म्हणाली, "गोगलगाई येतात." बिचाऱ्याने आयुष्यभर ते खरं मानलं. तो गेला, मुलगी दुकान बघायला लागली, आजीच्या केसांची चांदी झाली, आणि सेगावा मात्र तेवढाच राहिला. हेच तिला सगळ्यांत भयंकर वाटे.

आणि आता नात चिहारू वीस वर्षांची होणार होती.

जानेवारीत त्या वर्षी विशीत आलेल्या सगळ्या पोरी लांब बाह्यांचे किमोनो नेसून सोहळ्याला जातात. चिहारूने महिनाभर आधीच आजीच्या मागे लकडा लावला होता.

"मला तू नेसवायचं, आजी. पार्लरवाली नको."

"हात थरथरतात गं."

"मग आत्ता ही साय कुणाच्या हातांनी उचललीस?"

"सायीचं काय, फाटली तर खाऊन टाकता येते."

"मला खाऊ नकोस म्हणजे झालं." चिहारू पाटावर बसून काडीवरचा फाटका तुकडा चोखत होती. ही पोरगी कॉलेजात कमी आणि कॉलेजच्या सिनेमा क्लबात जास्त असायची. "बरं, सौदा करू. एकदा माझ्याबरोबर सिनेमाला ये. मग मी मुकाट्याने पार्लरवाली ठरवते, आणि तुझ्या मागची भुणभुण बंद."

"कुठला सिनेमा?"

"माझ्या माणसाचा. «नावेची वाट»."

हे आजीला नवीन नव्हतं. गेल्या वर्षी पोरीच्या खोलीत गादी घालायला गेली, तर भिंतीवर पोस्टरात तो. पाठमोरा, धुक्यात. त्या दिवसापासून आजीने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"तुझा माणूस कधीपासून?" ती काडीवर नजर ठेवून म्हणाली. "आईला सांगितलंयस का?"

"तो कुणाचाच नाही, तीच तर मजा आहे. नाव विचारलं तर सांगत नाही. कुणाच्या बाजूने लढतो, कळत नाही. अख्ख्या सिनेमात एकदाही जेवत नाही, झोपत नाही. आणि शेवटी पलीकडच्या काठावर उभा असतो, तर किमोनो मेलेल्या माणसासारखा. लोक अजून त्यावर भांडतात. दिग्दर्शक तर मरेपर्यंत म्हणायचा, मला विचारू नका, मीही पडद्यावरच पहिल्यांदा पाहिलं. आमच्या क्लबात दोन तट आहेत. मी म्हणते, तो पहिल्यापासूनच मेलेला आहे. दुसरे म्हणतात, छे, कपडेपटात कुणीतरी माती खाल्ली."

आजीच्या काडीवरची साय मधोमध फाटली. चिहारूने आनंदाने हात पुढे केला.

आजीने तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. आठवत नाही, या एका गोष्टीच्या आधारावर तिने इतकी वर्षं काढली होती. आठवत नाही म्हणजे कदाचित नीट नेसवलाही असेल. पडद्यावर पाहिलं की तो कदाचितही संपणार. पण दुसरीकडे ही पोरगी होती, कोवळ्या मानेची, काडी चोखणारी, पुन्हा पुन्हा विचारणारी. आपले हात हिच्या अंगाला लावण्यालायक आहेत की नाहीत, हे एकदाचं कळायला हवं होतं. नाहीच म्हणायचं तर थाप मारून नाही, खरं बघून म्हणावं, असं तिने ठरवलं.

"रविवारी दुपारचा खेळ असेल तर येते," ती म्हणाली.

सेनबोनच्या रस्त्यावर पूर्वी थिएटरांची रांग होती. आता एकच उरलं होतं, तेही जिना चढून. रॉकेलच्या स्टोव्हचा वास, खुर्च्यांवर घरून आणल्यासारख्या उशा, आणि टोपी न काढता बसलेले पाचसहा म्हातारे. आजीने बाहीत कागदाच्या पुडीत मीठ आणलं होतं. दिवे गेले तेव्हा तिने ती पुडी मुठीत धरली.

धुकं. त्यात पालथी घातलेली एक नाव, आणि नावेवर बसलेला तो. वाफेत उभा राहणारा वेगळा आणि हा वेगळा. हा मान खाजवत होता. पलीकडे जाऊ पाहणारी माणसं नावाड्याची वाट बघत ताटकळली होती, आणि नदी ओलांडायच्या दस्तुरीवरून दोन टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. एक गुंड त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"नाव काय तुझं?"

"तुझं?"

"गेनरोकु."

"मग गेनरोकुला सांग, नाव अजून आली नाही."

म्हातारे हसले. आजीलाही हसू आलं, आणि आपण हसलो याची तिला लाज वाटली.

त्याने दोन्ही टोळ्यांकडून चाकरी घेतली आणि दोघींचीही केली नाही. कुणीतरी भाताचा लाडू दिला तो त्याने कुत्र्याला घातला. पहिली मारामारी झाली ती सगळी पाण्यातल्या पायांवर दाखवली होती. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं पाणी ढवळलेलं, मग गढूळ, मग शांत. आणि मग तो चालत चालत मुळे धुणाऱ्या एका म्हातारीपाशी गेला, तिच्या शेजारी बसला आणि तिच्याबरोबर मुळे धुवायला लागला. हात धुतले असं वाटू नये म्हणून. म्हातारी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पानं नको खुडूस, पानांचीही भाजी होते." त्याने खुडलेलं पान उचलून परत मुळ्यापाशी ठेवलं. एवढंच. पण किती काळजीने ठेवलं. इतक्या लोकांना कापणारा हा माणूस पानाला का जपतो, ते सिनेमा सांगत नव्हता आणि तोही सांगत नव्हता. आजी मुठीतलं मीठ विसरली. चांगला होता, तिच्या मनात आलं. मेला, फार चांगला नट होता. इतकी वर्षं तिने त्याला नुसता मेलेला म्हणून पाहिलं होतं. काम करताना पाहिलाच नव्हता.

शेवटी नाव आली, ती रिकामीच. टोळ्यांमध्ये उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. गावकरी घराच्या फटींतून बघत होते, आभार मानायची कुणाची छाती होत नव्हती. तो बोरूच्या रानाकडे चालायला लागला, पाठमोरा, आणि कॅमेरा मागोमाग गेला. त्याची पाठ पडदाभर झाली.

ओबीची गाठ, शिंपल्याच्या तोंडासारखी. तिचं तोंड डावीकडे उघडत होतं.

आजी खुर्चीत पुढे सरकली. तोकुहेईच्या गाठीचं तोंड उजवीकडे उघडायचं, खात्यातल्या सगळ्यांचंच उजवीकडे उघडायचं. डावीकडे उघडणारी गाठ त्या स्टुडिओत एकच होती, आणि तिच्यावरून तिने बोलणी खाल्ली होती. म्हणजे हा शॉटही त्याच दिवसाचा, गाठीकडे न पाहणाऱ्याला तो वेगळ्या दिवसाचा वाटला असता. हा नेसवा तिचा. रानात शिरता शिरता तो थांबला, एकदा वळला, आणि त्याने गावाकडे पाहिलं.

डावी बाजू वर होती. चोख, जिवंत माणसासारखी.

मग तो रानात शिरला. आणि बराच वेळ पडद्यावर नुसते बोरू हलत राहिले. इतका वेळ की एक म्हातारा खाकरला, एकाने उशी सरकवली. आजी त्या हलणाऱ्या बोरूंकडे बघत होती आणि आत काय चाललंय ते तिला भिंतीआडचं कळावं तसं कळत होतं. तो तलवारी काढून ठेवतोय. ओबी सोडतोय. एकटाच, पाण्यात उभा राहून, थंडीत.

पलीकडचा काठ दिसला. तो तिथे पाठमोरा उभा होता. गाठीचं तोंड उजवीकडे. ढिली, पुढे मारून मागे ओढत आणलेली, ज्याला नेसवून घ्यायची सवय आहे अशा माणसाने स्वतः मारलेली. तो वळला. उजवी बाजू वर. त्याने गावाकडे पाहिलं नाही. सरळ समोर पाहिलं, आणि धुक्याने त्याला झाकून टाकलं.

"हरामखोर," आजी म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. चिहारूने तिचा हात धरला. "आजी? काय झालं?"

तिला आधी हलकं वाटलं, आणि ते हलकेपण पुरतं अंगात उतरायच्या आत संताप आला. त्याला ठाऊक होतं. पोटात काय वाढतंय ते ठाऊक होतं, कॅमेऱ्यासमोर आपल्या हाताने आपलं मरण नेसायचं त्याने ठरवलं होतं, आणि तोकुहेई आजारी आहे, आज नवखी पोरगी आहे, खापर तिच्यावर फुटेल, हेही त्याला कळलं होतं. म्हणून तर "माफ कर हं". ती चिखलाबद्दल समजली होती. माफी मागायची तर कशाची ते सांगून मागावी. नुसती माफी मागून निघून जायचं आणि दुसऱ्याने ती जन्मभर वाहायची, ही कुठली रीत?

बाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानात दोघींनी गरम आमाझाके घेतली, भाताचं गोड पेय. चिहारू पेला हातात धरून वाट बघत होती, आणि गप्प राहणं या पोरीला फारसं जमत नसे.

"रानात शिरतो तेव्हाची गाठ माझी," आजी शेवटी म्हणाली. "मी नेसवलं होतं त्याला. पलीकडची गाठ त्याची. त्याने आत जाऊन बदललं."

चिहारूने पेला खाली ठेवला. "म्हणजे कपडेपटातली ती—"

"माती खाणारी? हो, मीच. आजवर मलाही तसंच वाटत होतं."

पोरीच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. आईचं लग्न, पार्लरवाली, थरथरणारे हात. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तो खरंच मेलेला होता. माझं बरोबर होतं."

"मरणार होता. त्यात फार फरक असतो." आजीने तळाशी राहिलेले भाताचे दाणे पेला उपडा करून खाल्ले. "आणि क्लबात यातलं अक्षर बोलायचं नाही."

"का पण?"

"भांडू दे त्यांना. त्याला हवं होतं ना तसं? मग भांडू दे."

"आणि पार्लरवाली?"

"बघू," आजी म्हणाली.

त्यानंतर तो बरेच दिवस आला नाही. नवं वर्ष झालं, सणाची तांदळाची मोची खाऊन झाली, आणि आजीला वाटायला लागलं की आता तो येतच नाही. सोहळ्याच्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी मागच्या खोलीत आली, कढया तापल्या, वाफ धरली, आणि दाराशी तो उभा होता. घेर ओला. तोंड तिच्याकडे. उजवी बाजू वर.

तिने काडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे चालत गेली. जवळ गेल्यावर पाण्याचा आणि कुजलेल्या बोरूंचा वास आला. तो तिच्याहून कितीतरी लहान होता, तिच्या मुलीपेक्षाही लहान. हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"वळा," ती म्हणाली.

तो वळला, लगेच, जणू याच शब्दाची वाट बघत उभा होता. आणि ती होती तिथे. ढिली, ओढून आणलेली, उजवीकडे तोंड असलेली गाठ. इतके हिवाळे तो ती पाठीवर घेऊन येत होता. नीट नेसवून घ्यायला नव्हे, दाखवायला. तिने मान वर केली असती, एकदा जरी हा शब्द म्हटला असता, तर तिच्या मुलीला तिने नेसवलं असतं. एइकिचीला त्याच्या शेवटच्या पांढऱ्या कपड्यांत परक्या माणसांनी गुंडाळलं नसतं. ती तिथे उभी राहून रडली, आवाज न करता, वर पोरगी जागी होती म्हणून.

तिचा हात सवयीने त्या गाठीकडे गेला. ढिली गाठ दिसली की तिचा हात जायचाच. पण लागायच्या आत तिने तो मागे घेतला.

"ही तुमची तुम्ही मारलीत," ती म्हणाली. "ठेवा तशीच. सांगायला हवं होतंत, एवढंच. माझी पोर वर थांबलीय, मला वेळ नाही."

तिने कढयांखालचा जाळ बारीक केला. वाफ खाली बसली. दाराशी फरशी ओली होती. तिने मिठाची बशी उचलली, मोरीत रिकामी केली, धुतली आणि इतर बशांबरोबर फळीवर ठेवून दिली.

वर चिहारू पांढऱ्या आतल्या कपड्यांत थंडीने कुडकुडत उभी होती, हात पसरून. लांब बाह्यांचा निळा किमोनो घडवंचीवर उलगडून ठेवला होता. आजीने तो तिच्या खांद्यांवर चढवला, पाठीची शिवण मध्यावर आणली आणि दोन्ही काठ हातांत धरले.

"आजी, तुझे हात थरथरतायत. खरंच."

"थरथरू देत."

तिने उजवी बाजू आत घेतली, आणि डावी तिच्यावर आणली, आणि तिथेच धरून ठेवली.

"कुठली वर आहे, सांग."

"डावी."

"मोठ्याने सांग."

"डावी, आजी. डावी वर आहे."

"परत सांग," आजी म्हणाली.